मोफत सहलीच्या उदार आयोजकांस अनावृत पत्र

पाठीवर सॅक टाकून एकट्याने हिंडणाऱ्यांसाठी भरवली जाणारी प्रवास-स्पर्धा ही एका सहलीच्या खर्चात हजारो फोटो जमा करण्याची रीत होय. फोटो पाठवणे, तीन मित्रांना टॅग करणे आणि निकालाची वाट पाहणे हे तिचे टप्पे. तिसरा टप्पा बहुधा संपत नाही.

या रीतीचा कित्ता 2009 साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या पर्यटन खात्याने घालून दिला. हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचे आणि दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर पगार घ्यायचा, अशी ती नोकरी. अर्ज एका मिनिटाच्या व्हिडिओचा. सुमारे 34 हजार अर्ज आले, नोकरी बेन साउदॉल या ब्रिटिशाला लागली आणि उरलेल्यांनी क्वीन्सलँडची फुकट जाहिरात केली. निदान तिथे विजेता जाहीर झाला, पगारही मिळाला. पुढच्या अनुयायांनी हा कित्ता गिरवताना नेमका पगार गाळला.

बक्षिसाच्या अटी सर्वपरिचित आहेत. एकट्या प्रवाशाला दिलेली खोली 'डबल शेअरिंग'ची असते. दुसरे माणूस नसेल तर फरक त्यानेच भरायचा. विमानभाडे धरलेले नसते. दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळलेल्या असतात. सोडतीतले बक्षीस दहा हजारांच्या वर गेले की 30 टक्के आयकर आधीच वसूल होतो. एवढे सगळे सोसता येते.

सोसवत नाही ते बारीक टायपातले हक्कांचे कलम. पाठवलेल्या प्रत्येक फोटोचे, म्हणजे हरलेल्यांच्या फोटोंचेही, हक्क आयोजकांना 'कायमस्वरूपी, जगभर आणि विनामोबदला' मिळतात. हे शब्द उगाच आलेले नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आयोजकांच्या वकिलांनी कायदा नीट वाचलेला आहे. निकाल लावणाऱ्यांनी मात्र दिनदर्शिकाही पाहिलेली नसते.

अशाच एका स्पर्धेला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टिपलेल्या इंद्रवज्राचा फोटो गेला होता. इंद्रवज्र म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्य. ते दिसायला समोर दरीत धुके लागते आणि त्याच वेळी पाठीशी ऊन. म्हणजे पावसाळ्यात गडावर मुक्काम, ओले कपडे, आणि मग नशीब. स्पर्धेचा निकाल लागला नाही. फोटो मात्र आयोजकांच्या पावसाळी ट्रेकच्या जाहिरातीत झळकला, कोपऱ्यातले नाव कापून. विचारणा केल्यावर हक्कांच्या कलमाकडे बोट दाखवण्यात आले.

ही चोरी आहे. खाली 'अटी लागू' छापल्याने ती उजळत नाही. त्याच कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमाने हक्क विकल्यानंतरही निर्मात्याचा नावावरचा अधिकार शाबूत ठेवला आहे. तेवढे पान वकिलांकडून वाचायचे राहिले असावे. बक्षीस योजनेचा निकाल सहभागींपासून दडवणे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेले आहे, तेही वाचायचे राहिले असावे.

हक्कांचे कलम दाखवणारा निरोप रात्री साडेअकराला आला होता. तो लिहिणाऱ्या, आयोजकांकडे नोकरी करणाऱ्या मुलाने शेवटी, कोणी सांगितले नसताना, कोकणकड्याला खिरेश्वरहून जावे की पाचनईहून असे विचारले होते. दोन पावसाळे त्याला रजा मिळालेली नाही. जगाला फिरायला बोलावणारी जाहिरात तो खुर्चीला खिळून लिहितो, आणि शिव्याही त्यालाच खाव्या लागतात. त्याच्यावर राग धरणे कठीण आहे.

सबब आयोजकांनी रखडलेला निकाल लावावा, फोटोखाली नाव छापावे आणि त्या मुलाला येत्या ऑगस्टात दोन दिवसांची भरपगारी रजा द्यावी. पाचनईची वाट सोपी आहे, असे त्याला कळवावे.