गरवायला निघालेली गाडी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पुण्याहून ताम्हिणी उतरून दिघी, रेवदंडा, श्रीवर्धन या बाजूला गळ टाकायला जाणाऱ्या, पण अजून एकही मासा न धरलेल्या होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. मूळ नियम एकच : शनिवारी गाडीला जे जोडाल ते रविवारी रात्री उतरवता आलं पाहिजे. गाडी दोन दिवस तुमची असते. बाकीचे पाच दिवस ती घराची असते.

गाडीची निवड. स्प्लेंडर घ्यावी, म्हणजे घरात आहे तीच घ्यावी. वजन 110 किलोच्या आसपास, त्यामुळे पुळणीत रुतली तर दोघांना ओढून काढता येते. साखळीवर पूर्ण कव्हर असतं, त्यामुळे खारी हवा थेट साखळीला भिडत नाही. बुलेटही चालेल, पण ती रुतली की गावाला कळतं.

साहित्य. दोन इंची पीव्हीसी पाइप चार फूट, दोन झाकणं, होज क्लिपा, सायकलची जुनी ट्यूब, मासेवाल्याकडची थर्मोकोलची पेटी, फळकुटाचा तुकडा आणि चालू महिन्याचं कॅलेंडर.

पायरी पहिली : काठीची नळी. सात फुटी काठीचे दोन तुकडे होतात, ते या नळीत मावतात. खालच्या झाकणाला भोक पाडा, नाहीतर नळीत पाणी साठून डास होतील. आता नळी बसवायची कुठे? डावीकडे साडीगार्ड आहे. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून असं संरक्षण मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे, आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीचे याबाबतचे नियम त्याहून कडक असतात. तेव्हा उजवीकडे. पण उजवीकडे सायलेन्सर आहे आणि पीव्हीसीला ऊब सोसत नाही. सायलेन्सरपासून वीतभर वर, मागचं टोक किंचित उचलून, मध्ये ट्यूबचे तुकडे घालून क्लिपा आवळा. वेल्डिंग करू नका. मेकॅनिक म्हणेल, "साहेब, दोन टाके मारून देतो, कायमचं काम." या 'कायमचं' शब्दाला भुलायचं नाही. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. घरचं कलम त्याच्याही आधी येतं.

पायरी दुसरी : पेटी. पेटी कॅरिअरवर ट्यूबने आवळा. नंबरप्लेट आणि मागचा दिवा झाकला जाता कामा नये. बर्फ वितळला की खारट, मासळीच्या वासाचं पाणी मागच्या दिव्याच्या वायरींवर उतरतं. म्हणून तळाशी छोटी नळी बसवून तिचं तोंड नंबरप्लेटच्या खाली सोडा. सिग्नलला तुमच्या मागे कोणी थांबणार नाही, हा जादा फायदा.

पायरी तिसरी : गळ आणि आमिष. गळ बुचात टोचून डबीत ठेवावेत. सीटवर ठेवू नयेत. रेक्झिनमध्ये घुसलेला गळ ओढला तर काट्याची उलटी नखी आतलं स्पंज धरते आणि सीट फाटते. तो पुढेच ढकलायचा, टोक दुसरीकडून बाहेर आलं की पक्कडीने नखी तोडायची आणि मग उरलेला मागे काढायचा. माणसाच्या बोटात गेला तर मात्र पक्कड खाली ठेवून डॉक्टर गाठावा. कोळंबी टूलबॉक्समध्ये ठेवू नये. ठेवलीच तर बुधवारी कळते, आणि तुमच्याआधी ऑफिसच्या पार्किंगमधल्या मांजरांना कळते.

पायरी चौथी : कॅलेंडर. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुटा भाग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण भरतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा हिशेब न करता पुळणीवर गाडी लावणारे लोक दुपारी गुडघाभर पाण्यात उभे राहून किक मारताना दिसतात. गाडी सुरूच्या बनात, वाळलेल्या शेवाळाची आणि चपलांची रेघ असते तिच्या वरच्या अंगाला लावा. साइडस्टँडखाली फळकूट ठेवा. करवंटी ठेवू नका, फुटते.

पायरी पाचवी : उतरवणी. घरी येताच गाडी गोड्या पाण्याने धुवा. चाकांचे आरे, ब्रेकची केबल, सगळे नट विसरू नका. साखळी डिझेलने पुसून तिला नव्वद नंबरचं ऑइल द्या. नळी पलंगाखाली, पेटी गच्चीत. सोमवारी सकाळी गाडी मंडईत गेली आणि कोणी नाक मुरडलं नाही, तर पुढचा शनिवार मंजूर समजा.

शंकासमाधान

*फॉग लाइट, फोन होल्डर, रंगीत नळी यांनी मासे जास्त लागतात का?*
नाही. लाइक जास्त लागतात.

*दिघीहून आगरदांड्याला जायचं तर नळी काढावी लागते का?*
नाही. फेरीबोटीत गाडी अशीच चढते. उतरताना उताराच्या लोखंडी पत्र्यावर शेवाळ असेल तर ब्रेक जपून दाबा.

*गाडी तयार झाली. आता गरवायला कोण शिकवणार?*
जेट्टीच्या टोकाला जा. तिथे लाकडाच्या तुकड्याला तंगूस गुंडाळून एखादे काका बसलेले असतील. त्यांच्याकडे काठी नाही, नळी नाही, पेटीच्या जागी पिशवी आहे आणि पिशवीत शिंगाळे आहेत. शेजारी बसा आणि गप्प राहा. थोड्या वेळाने ते तुमच्या गाडीकडे बघून विचारतील, "नळाची कामं करता काय?" नाही म्हणू नका. दुपारपर्यंत त्यांच्या मोरीतला नळ गळायचा थांबेल, आणि तुम्हाला गळाला कोळंबी ओवता येईल.