दोन कोळी, एक शहर आणि थकलेला हप्ता

आमच्या घरात सध्या दोन कोळी राहतात. एक बाथरूमच्या कोपऱ्यात, बिनभाड्याचा. दुसरा टीव्हीवर, ४,९९९ रुपये मोजून आणलेला. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ हा खेळ इन्सोम्नियाक गेम्सनं २० ऑक्टोबर २०२३ रोजी प्लेस्टेशन ५ वर आणला आणि पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या २५ लाखांवर प्रती खपल्या. आमची प्रत त्यानंतरची, भाच्याच्या वाढदिवसाला घेतलेली. भाचा बारावीला आहे. त्याचा अभ्यास बुडू नये म्हणून ती माझ्याकडे असते.

खेळ सुरू होतो तो मास्तरकीपासून. पीटर पार्करला ब्रुकलिनमधल्या नावाजलेल्या शाळेत नोकरी लागली आहे. पहिला दिवस, पहिला तास. तेवढ्यात मॅनहॅटनमध्ये वाळूचा इमारतीएवढा माणूस उभा राहतो. पीटर आणि त्याच वर्गातला माइल्स मोरालेस, म्हणजे दोन्ही स्पायडर-मॅन, वर्ग टाकून पळतात. वाळू आवरून येईपर्यंत मास्तरांची नोकरी गेलेली असते. ‘शहर वाचवत होतो’ हे कारण रजेच्या अर्जात बसत नाही. त्यात मे काकूंनी मागं ठेवलेलं क्वीन्समधलं घर, आणि त्याच्या कर्जाचे हप्ते थकलेले!

मी सरसावून बसलो. पण काळा, चिकट, जिवंत सूट पीटरच्या अंगावर चढला आणि हप्त्यांचा विषय मागं पडला. मग खलनायकांची रांग लागली: क्रेव्हन आला, लिझर्ड आला, व्हेनम आला. बँकेच्या वसुलीवाल्याला मैदानात उतरवायची छाती मात्र लेखकांची झाली नाही.

तक्रार इथं थोडी थांबवतो, कारण या खेळात फिरण्याला तोड नाही. २०१८ च्या पहिल्या भागात फक्त मॅनहॅटन होतं. आता ईस्ट रिव्हर ओलांडून क्वीन्स आणि ब्रुकलिन आहे, कोनी आयलंडची जत्रा आहे. धाग्याला लोंबकळत झोका घ्यायचा, झोका वर गेला की हात सोडायचा, आणि काखेतले जाळीदार पंख उघडून नदीवर तरंगत जायचं. पाणी पायाला लागेल इतक्या खालून गेलं की पोटात गोळा येतो. सेटिंगमध्ये जाऊन झोक्याला मिळणारी मदत शून्यावर आणता येते, पडल्यावर मार लागेल अशीही सोय आहे. मी दोन्ही केलं. पहिल्या अर्ध्या तासात न्यूयॉर्कचे बहुतेक फुटपाथ तोंडानं पाहिले. त्यानंतर जो एक झोका नीट जमला, त्यासाठी पाच हजार वसूल.

आता खेळ करणाऱ्यांचं डोकं बघा. प्रवास हाच जिथला सगळा आनंद, तिथं त्यांनी प्रवास टाळण्याची सोय सगळ्यात झकास केली आहे. नकाशावर बोट ठेवा, बटण दाबून धरा, आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत तुम्ही तिथं झोका घेत असता. श्रीखंडाच्या वाटीसोबत भूक मारायची गोळी द्यावी, तसं.

आणि पोचून करायचं काय? समाजसेवा. स्पायडर-मॅनच्या फोनमध्ये नागरिकांच्या तक्रारींचं एक ॲप आहे. तक्रार आली की हा हजर. म्हणजे न्यूयॉर्कला नगरसेवक मिळाला आहे, आणि तोही फ्लेक्स न लावणारा. ठिकठिकाणी जाऊन फोटो काढायचे, स्फटिक गोळा करायचे, पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न याच्या संस्थेसाठी मधमाशीएवढे ड्रोन उडवायचे. जगावर संकट आलेलं असतं, आपण पिकावरची कीड मारत असतो. दहा तासांनंतर कळतं की गुंडही तेच आहेत, फक्त पत्ता बदललाय.

व्हेनमची तर फसवणूकच झाली. जाहिरातीभर दात विचकणारा हा गडी प्रत्यक्षात येतो तेव्हा पंगत उठायला आलेली असते. तोवर सगळं ताट शिकारी क्रेव्हननं खाल्लेलं. व्हेनम होऊन खेळायची एक फेरी मिळते, ती झक्कास, आणि मग शेवट एवढ्या घाईनं उरकतात की हॉलची वेळ संपत आली असावी. माइल्सच्या वाट्याला कॉलेजप्रवेशाचा निबंध. शेवटी त्या पोराला नवा सूट मिळतो, ज्यात मुखवट्याच्या वरून सगळे केस बाहेर. गुपित राखण्याची ही पद्धत आमच्या सोसायटीतसुद्धा चालणार नाही. मेरी जेनबद्दल जपून बोलतो. क्रेव्हनचे जे शिकारी दोन सुपरहिरोंना घाम फोडतात, त्यांना ही वार्ताहरबाई झटका देणारी बंदूक घेऊन एकामागून एक झोपवते. दोघांनी घरी बसून तिला पाठवलं असतं तर खेळ अर्ध्या वेळात संपला असता.

गफलतीही निघाल्या. माइल्सची आई पोर्तो रिकोची, घरात झेंडा लागला क्यूबाचा. दोन्ही झेंड्यांत रंगांची अदलाबदल आहे हे खरं, पण ज्याचा झेंडा त्याला ते कळतं. कंपनीनं चूक कबूल करून दुरुस्त केली. क्रायस्लर बिल्डिंग मात्र जागेवर नाहीच. पहिल्या भागात ती होती, मग मालक बदलले आणि परवानगीचं जमलं नाही. शहर वाचवणाऱ्यालाही इमारतीच्या मालकापुढं चालत नाही. न्यूयॉर्कचं एवढं अस्सल चित्रण दुसरं नसेल.

एवढं सगळं झोडपल्यावर हॉवर्डचं सांगतो. हॉवर्ड हा बेघर म्हातारा, त्याची कबुतरं हाच त्याचा गोतावळा. तो स्पायडर-मॅनला म्हणतो, माझ्या पाखरांना नव्या घरी पोचव. गुंड नाहीत, स्फोट नाहीत. पंख पसरून थव्यासोबत उडायचं, एवढंच. अर्ध्या वाटेवर आपल्याला उमगतं की म्हातारा पाखरांची सोय का लावतोय. भाचा तेव्हा शेजारी येऊन बसला होता. “मामा, डोळ्यात काय गेलं?” म्हणाला. मी म्हटलं, अभ्यास कर.

अख्ख्या खेळात मारामारीविना असलेली ही पाच-दहा मिनिटं कोणीतरी जीव लावून लिहिली आहेत. बाकीची ॲपवाल्यानं वाटून दिली असावीत.

खेळ संपून महिना झाला. रात्री जेवणं झाली की मी अजून तो लावतो, नदीवरून दोन चकरा मारतो, एकही तक्रार न सोडवता बंद करतो. कोणाला खेळायचा असेल तर डिस्क घेऊन जा. पण आठवड्यात परत आणून द्या.