लॅमिंग्टन रोडवरच्या ‘फ्युचर प्रूफ’ शेठना

शेठ, स. न. वि. वि.

माझा भाचा पहिला घसघशीत बोनस घेऊन आपल्या दुकानात आला आणि आपण त्याला आरटीएक्स 4090 ग्राफिक्स कार्ड देऊन धन्य केलंत. आभार मानायचे राहिले होते.

कार्डाबद्दल माझी तक्रार नाही. 24 जीबी मेमरी, 16,384 कोअर. ऑक्टोबर 2022 मध्ये ते आलं तेव्हा गेमिंगसाठी त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. किंमतही तेव्हा भारतात 1,55,000 रुपयांपासून सुरू होत होती. तक्रार आहे ती आपल्या तोंडाबद्दल. मॉनिटर कोणता, वीज पुरवणारा एसएमपीएस किती वॅटचा, कॅबिनेट केवढं, हे विचारायला ते उघडलं नाही. ‘भाऊ, दहा वर्षं बघायला नको’ म्हणायला मात्र लगेच उघडलं.

शिवाय आपण कार्डाला घाम फोडणारी फरमार्क चाचणी लावून दाखवलीत. केस उगवलेला तो मेदूवडा आपल्या 144 हर्ट्झच्या 4के मॉनिटरवर गरगर फिरला आणि पोरगं खुळावलं. त्याच्या घरी 1080पीचा मॉनिटर आहे, 60 हर्ट्झचा. कार्डाने सेकंदाला 200 फ्रेम काढल्या तरी तो पडदा 60च दाखवणार. बरं, एवढ्याशा पडद्यावर कार्डाला पुरेसं कामही मिळत नाही. प्रोसेसर बिचारा धापा टाकतो आणि दीड लाखाचा जावई पाटावर बसून वाढण्याची वाट बघतो.

‘आणि पिक्चर काय दिसेल, थेटर विसराल!’ हेही आपलंच वाक्य. अहो, याच रस्त्यावर मिनर्व्हात ‘शोले’ 70 एमएमवर पाच वर्षं चालला. तेव्हाही सेकंदाला 24 चित्रं होती, आजही बहुतेक सिनेमे तेवढ्यावरच भागवतात. ती उलगडायला कार्डातला एक छोटा कोपरा पुरतो. बाकीचे हजारो कोअर ढाराढूर झोपलेले. तेवढंच काम भाच्याच्या प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्स बिनबोभाट करतं, यूट्यूबच्या एव्ही1 व्हिडिओंसकट. एक कबूल करतो. हलक्या प्रतीचा व्हिडिओ धारदार करायची सोय 2023 पासून या कार्डांत आहे. आम्ही एक जुना मराठी बोलपट लावून पाहिला. श्रेयनामावली स्वच्छ झाली, नायिकेच्या गालांवर मात्र कोणी मेण थापल्यासारखं झालं. बहिणीने मान वळवली.

आता बसवण्याची कथा. कार्ड एक फूट लांब आणि तीन स्लॉट जाड. कॅबिनेटची काच लावायला गेलं की वीजपुरवठ्याची जाड वायर दाबली जाऊन मुळाशीच वाकते. या कार्डाच्या जोडणीपाशी प्लास्टिक वितळल्याच्या बातम्या 2022 मध्येच जगभर झाल्या होत्या. आपल्याला फोन केला तर उत्तर आलं, ‘काच काढून ठेवा, हवा खेळते!’ हवाही खेळते आणि झुरळंही.

जुना एसएमपीएस 450 वॅटचा. कार्ड एकटंच तेवढं खातं. मोठा गेम लावला की सगळा संगणक फट्‌कन बंद. मग आठवड्याने आपण 1000 वॅटचा विकलात, आणि ‘हा तर लागतोच’ असं पुन्हा भाच्यालाच सुनावलंत. लागतोच, तर पहिल्या दिवशी कुठे गेला होता हा ‘लागतोच’? डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत, मे महिन्यात ते धूड पूर्ण ताकदीने चाललं की खोलीची भट्टी होते आणि बहीण कपाट, फ्रिज आणि मुलगा यांच्यामधून वाट काढत दाराशी जाऊन बसते.

‘बिल पाहिजे तर 18 टक्के वर,’ असंही आपण हळूच म्हणाला होतात. भाच्याने बिल घेतलं. तेवढी अक्कल आजोळची.

कळावे, लोभ आहेच. तो आपल्याकडे जरा जास्त.

आपला,
गिऱ्हाइकाचा मामा

ता. क. : 4के मॉनिटरवर ‘खास तुमच्यासाठी’ भाव असल्याचा आपला मेसेज काल पोचला. या वेळी सोबत मी येतोय. मोजपट्टी घेऊन.