शेळीनंतरची पंगत

जालना जिल्ह्याच्या बदनापूर-अंबड पट्ट्यातल्या लहान शेतकऱ्याच्या घरात ओला कचरा म्हणून काही फारसं उरतच नाही. शिळी भाकरी कुत्र्याला, मेथीची देठं शेळीला, डाळीची चुणी म्हशीला. एवढ्या पंगती उठल्यावर जे राहतं, तो कचरा. अशा घरचा उत्साही चिरंजीव खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातून गांडूळखत करायला शिकून येतो, कुठून तरी किलोभर गांडूळ कल्चर पैदा करतो आणि जाहीर करतो, की आता स्वयंपाकघरातलं काहीही वाया जाणार नाही. म्हातारी विचारते, "शेळीनं सोडलेलं हे खातेत व्हय?"

नाही खात.

कांद्या-लसणाची टरफलं, पिळलेलं लिंबू, लोणच्याचा खार, ठेच्याचा खरवडलेला तळ, मटणाची हाडं. शेळीच्या पंगतीनंतर उरलेल्या या मालाकडे लाल गांडूळ तोंड वळवतं, मीठ-तिखटापासून तर जीव घेऊन पळतं. त्यात हा जिल्हा मोसंबीचा. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र, 'जालना मोसंबी'ला भौगोलिक मानांकन. आणि गांडुळाला नेमकी मोसंबीची सालच नको! सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते त्याला बाधतं. जगाने मानलेल्या फळाला घरच्याच खड्ड्यात मान नाही.

चहाचा चोथा मात्र चालतो. पण आपल्याकडच्या चहात पत्तीपेक्षा साखर जास्त, म्हणून तो धुऊन टाकावा लागतो. नाहीतर गांडुळांच्या आधी मुंग्या हजर. सुनेचं म्हणणं असं, की या घरात पाहुण्यांचे कपसुद्धा एवढ्या निगुतीने विसळले जात नाहीत.

खरं पोट भरतं ते शेणावर. तेही ताजं नको, ताजं शेण तापतं. दोन-तीन आठवडे मुरलेलं हवं. गांडूळ दिवसाला साधारण आपल्या निम्म्या वजनाइतकं खातं, म्हणजे किलोभर गांडुळांना रोज अर्धा किलो माल. घरचा कचरा या हिशेबात तोंडी लावण्यापुरता.

मग येतो एप्रिल. गांडूळ कातडीवाटे श्वास घेतं, म्हणून अंग कायम ओलं लागतं, आणि पस्तीस अंशांपुढे त्याचं काही खरं नसतं. जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग वर शेडनेट, खाली ओली गोणपाटं, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याने शिंपण. 2012-13च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागा ज्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, त्यांच्यासमोर किड्यांना पाणी पाजायचं म्हणजे छाती लागते. चिरंजीव ते काम दिवे लागल्यावर उरकतो.

पारावर वेगळंच भांडण. हे लाल गांडूळ, म्हणजे आयसेनिया फेटिडा, मूळचं युरोपातलं. ते वरच्या कचऱ्यातच रमतं. देशी गांडुळासारखं खोल जाऊन रान भुसभुशीत करणं त्याच्या स्वभावात नाही. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर तर त्याला गांडूळ मानायलाच तयार नाहीत. त्यामुळे पाळेकरांची शिबिरं केलेले गडी एका बाजूला आणि चिरंजीव एकटा दुसऱ्या बाजूला. तो मग डार्विनला मदतीला बोलावतो. 1881 साली डार्विनने गांडुळांवर आख्खं पुस्तक लिहिलं. घरात त्यांना पियानो ऐकवला, मुलाकडून बसून नावाचं वाद्य वाजवून घेतलं. गांडुळं ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर छेडल्याबरोबर ती बिळात गडप झाली. त्यांना कान नाहीत, हादरे कळतात. हे ऐकून पारावरचा एकजण म्हणतो, म्हणजे लग्नसराईत डीजे गेला की तुझं खत बंद!

दीड-दोन महिन्यांनी खत तयार होतं. पाणी तोडलं की गांडुळं खाली उतरतात आणि वरचं काळंभोर, रवाळ खत हाताने ओढून घेता येतं. त्याला मातीचाच वास येतो, शेणाचा अजिबात नाही. पहिलं घमेलं मोसंबीला घालायचं ठरलेलं असतं. म्हातारी ते न्हाणीजवळच्या वांग्यांना घालून मोकळी होते.

देशी की विदेशी, या वादात कोंबड्यांनी कधीच बाजू घेतली नाही. शेडनेट कुठे उसवलंय, हे मालकाआधी त्यांना कळतं.