पत्रिका फायनल

कोल्हापुरात लग्न ठरणं सोपं, पत्रिका ठरणं अवघड. पोरापोरीची पसंती एका चहात होते. 'आपले नम्र'खाली कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर मात्र आजोबांच्या काळातली वाटणी नव्यानं उकरली जाते. त्यामुळं 'पत्रिका पाठवा की' असं पाव्हणे म्हणाले, की कोणत्या फाईलमधून पाठवायची याचा नीट विचार करावा लागतो.

वर्डची फाईल धोक्याची. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली वळणं बसवलेली. समोर तो फॉन्ट नसला, की अंबाबाईच्या जागी डॉलर आणि कंस प्रसन्न होतात. आणि फॉन्ट असलाच तर त्याहून वाईट, कारण मग पाव्हणे दुरुस्ती करतात. जेपीजी फोटो म्हणून टाकला तर व्हॉट्सॲप त्याला पिळून काढतं, मुहूर्त ११.३६ चा की ११.५६ चा, हे भटजींनाच विचारावं लागतं.

राहता राहिली पीडीएफ. ॲडोबनं १९९३ साली ती आणली, कुठल्याही संगणकावर पान जसंच्या तसं दिसावं म्हणून. २००८ साली ती आयएसओचं प्रमाण झाली. फॉन्ट पोटात घेऊनच ती गावोगाव फिरते. पण तिचा खरा गुण कळावा तो आमच्याकडंच: चुलतमामाला तिच्यात जावयाचं नाव घुसडता येत नाही. (येतं म्हणे, पण ते सॉफ्टवेअर पैसे मागतं आणि मामा तिथंच थांबतात.)

महाद्वार रोडच्या बोळातला आमचा डीटीपीवाला त्याच्याही पुढचा. फायनल म्हटलं की तो कोरलमधली सगळी अक्षरं 'कर्व्ह' करतो. मग ती टाईप केलेली अक्षरं राहतच नाहीत, नुसत्या आकृत्या उरतात. 'माझ्या नावापुढं रावसाहेब राहिलंय' म्हणत मोठे काका तावातावानं दुकानात शिरले. तो माऊस न हलवता म्हणाला, "काका, कर्व्ह झालंय. आता ब्रह्मदेव आला तरी वेलांटी हालत न्हाई." काका निमूट परतले. एवढा दरारा आमच्या वॉर्डात नगरसेवकाचाही नाही.

शेवटी पीडीएफ गेली. कागलच्या आबांनी झेरॉक्सवाल्याकडून तिची प्रिंट काढली, दोन्ही जावयांची नावं निळ्या पेनानं लिहिली आणि कागद हातात धरून फोटो ग्रुपवर टाकला. आता सगळीकडं तोच फिरतोय. जावई ठळक दिसतात. मी आबांच्या अंगठ्याखाली आहे.