भुंगा करायला बसण्याआधी

न्यूयॉर्कमध्ये 'ओरिगामी यूएसए' या संस्थेचे अधिवेशन भरते. अधिवेशन म्हटल्यावर व्यासपीठ, हार-तुरे आणि मागच्या रांगेतली डुलकी डोळ्यांसमोर आणू नये. इथे शिकवणारे हौशी असतात, मोबदला न घेता शिकवतात, आणि शिकणारे टेबलाभोवती कागद घेऊन बसतात. होडी, विमान आणि वहीचे मधले पान एवढ्या भांडवलावर ज्याला तिथे जायचे आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन.

प्रथम वर्ग निवडावा. प्रत्येक वर्गापुढे सोपा, मध्यम, अवघड अशी पातळी छापलेली असते. ती वाचावी आणि दुर्लक्षावी. सोप्या वर्गात शेजारी आठ वर्षांची मुलगी असण्याचा धोका असतो, आणि तिचा बेडूक आधी उडी मारतो. अवघड वर्गात मात्र सगळेच घामाघूम असल्यामुळे आपला घाम उठून दिसत नाही. म्हणून भुंगा निवडावा.

किडे ही या मंडळींची जुनी खोड आहे. चौरसाला कोपरे चारच. भुंग्याला पाय सहा, वर मिशा, वर शिंग. कापायचे नाही, चिकटवायचे नाही. १९९०च्या दशकात जपानी आणि पाश्चात्त्य रचनाकारांनी एकमेकांवर कुरघोडी करत किड्यांचे पाय वाढवत नेले. त्यामागचे गणित ऐकण्यासारखे आहे: प्रत्येक पाय कागदातले एक वर्तुळ खातो. कोपऱ्यातून काढलेला पाय पाव वर्तुळात भागतो, कडेवरचा अर्धे घेतो आणि मधोमध निघालेला अख्खे. पाय वाढले की कागद संपतो. ही वर्तुळे कागदावर कशी बसवायची, याचा हिशेब मांडणारा 'ट्रीमेकर' हा संगणक प्रोग्राम रॉबर्ट लँग या भौतिकशास्त्रज्ञाने लिहिला आणि २००१मध्ये नोकरी सोडून तो पूर्णवेळ कागदच दुमडू लागला. घरच्यांना हे उदाहरण सांगू नये.

कागद नेताना सावध राहावे. बाजारातला १५ सेंटिमीटरचा रंगीत चौरस बगळ्यासाठी उत्तम, भुंग्याच्या पायांसाठी मात्र निरुपयोगी. जाणकार पातळ टिश्यू कागद धातूच्या वर्खाच्या दोन्ही बाजूंना चिकटवून मोठा चौरस घरीच तयार करून आणतात. ते जमले नसेल तर आपला कागद शेवटपर्यंत पिशवीत ठेवावा, म्हणजे शेजारी कीव करून एखादा देतो.

आता जाळी. अशा रचनांत बऱ्याचदा आधी कागदाचे उभे-आडवे बत्तीस भाग पाडतात. अर्ध्याचे अर्धे करत पाच फेऱ्या झाल्या की दोन्ही दिशांना एकतीस-एकतीस, एकूण बासष्ट घड्या होतात. बाराव्या घडीत झालेली केसभर चूक पन्नासाव्या घडीपर्यंत वयात येते. घडी नखाने दाबावी; नख झिजल्यास ते तपश्चर्येचे लक्षण मानावे.

समोरच्या आकृत्यांचे चिन्हशास्त्र अकिरा योशिझावा या जपानी गुरूचे: बाण, तुटक रेषा, ठिपके-रेषा. पुढे सॅम्युअल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी ते इंग्रजीत रुजवले, त्यामुळे जपानी न येणाऱ्यालाही जपानी पुस्तक उघडून दुमडता येते. न समजण्यासाठी भाषेचे निमित्त उरले नाही, एवढी एकच त्यात गैरसोय.

मग तो क्षण येतो. शिक्षिका शांतपणे म्हणते, 'आता सगळे एकदम आत घ्या.' बहुतेक घड्या एकाच वेळी हलवायच्या असतात. एकेक हलवायला गेले तर कागद हटून बसतो. इथे मान डोलवावी. कागद हातातून काढून घेऊन कोणी आपले काम उरकून देईल ही आशा ठेवू नये. चांगला शिक्षक विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कागदाला हात लावत नाही, स्वतःच्या कागदावर पुन्हा दाखवतो. पुन्हा मान डोलवावी.

अब्रू फारच जाऊ लागली तर सुंदर राव यांचे नाव काढावे. मद्रासमध्ये १८९३ साली त्यांचे 'जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग' हे पुस्तक निघाले आणि फेलिक्स क्लाईनसारख्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली. भारतीयाने हे सांगताना छाती थोडी पुढे आली तरी चालते. मात्र पुस्तकाची कल्पना बालवाडीतल्या कागदी घड्यांवरून सुचली, असे राव स्वतःच लिहून गेले आहेत. हा भाग बेडूकवाल्या मुलीसमोर गाळावा.

शेवटचा नियम कडक आहे. दुसऱ्याची रचना अधिवेशनात शिकवायची तर रचनाकाराची आधी परवानगी लागते. वर्ग संपल्यावर हातात जे उरते, त्याला पाय चार किंवा नऊ असतात आणि मूळ रचनाकार ते आपले म्हणून ओळखत नाही. तेव्हा परवानगीचा प्रश्न मिटला. त्या वस्तूला एखादे भारदस्त नाव द्यावे आणि पुढच्या वर्षी तीच शिकवण्यासाठी अर्ज भरावा. पातळीच्या रकान्यात 'अतिअवघड' लिहावे, कारण ती पुन्हा तशीच करणे कोणालाही जमणार नाही.