रिबाउंडशेठ

रिबाउंडशेठ तुमच्याही गावात असणारच. आमचे महाडला राहतात, दुकान पोलादपूरला, आणि उरलेलं आयुष्य या दोन गावांमधल्या एसटीत मोबाइलवर कॅरम खेळण्यात जातं. कॅरम पूल उघडायचं, समोर कोण आलंय ते बघायचं आणि खिशातून डबी काढायची. बोरिक पावडरची. चिमूटभर पावडर थेट मोबाइलच्या काचेवर. ‘‘बोट अडकलं की नेम गेला,’’ एवढंच स्पष्टीकरण.

ही पावडर मग तालुकाभर फिरते. कंडक्टरच्या तिकिटांवर, शेजारणीच्या पर्सवर, वडापाववर. एका लग्नात शेठनी नवरदेवाची पाठ थोपटली, तर काळ्या कोटावर पाच पांढरी बोटं उमटली. अख्ख्या अल्बममध्ये बघण्यासारखं तेवढंच आहे.

शिकवण्याचा सोस तर विचारू नका. शेजाऱ्याची नजर चुकून स्क्रीनकडे गेली की धडा सुरू. ‘‘आधी पॉकेट बघ. पॉकेटपासून सोंगटीच्या मध्यातून रेघ ओढ. ती पलीकडे जिथं बाहेर पडते, तिथं स्ट्रायकर टेकला पाहिजे. टेकला! त्याचा मध्य तिथं नाही न्यायचा. मध्य अर्धा स्ट्रायकर मागे.’’ हे मात्र खरं आहे. नवखे स्ट्रायकरचा मध्यच त्या बिंदूवर रोखतात, मग जी सोंगटी कापायची ती भरून लागते आणि पॉकेटच्या बाजूला जाऊन बसते.

इथवर ऐकणारा टिकतो. मग रिबाउंड निघतो, आणि पोलादपूर येऊन जातं तरी रिबाउंड संपत नाही. ‘‘खरी फ्रेम थोडा जोर खाते, मोबाइलची खात नाही,’’ हे पटवता पटवता शेठ एकदा श्रोत्यासकट कशेडीच्या बोगद्यात पोचले. तिथं रेंज गेली, पाळी गेली, डाव गेला. खेडला उतरून दोघं परतीच्या गाडीत बसले. शेठनी डबी काढली.

भाच्याला हे सगळं अडाणीपणाचं वाटतं. कॅरम पूलमध्ये प्रत्येक स्ट्रायकरची ताकद, नेम आणि वेळ ठरलेली असते. नेम वाढवला की दिशा दाखवणारी रेघ लांब होते; खेळून वाढवा, नाहीतर पैसे टाकून. भाचा म्हणाला, ‘‘मामा, थोडे पैसे टाका, नेम सुधारेल.’’ नेम सुधारायचा इतका सरळ उपाय अर्जुनालाही कुणी सुचवला नव्हता. शेठ म्हणाले, ‘‘रेघच विकत घ्यायची तर बोट कशाला दिलंय देवानं?’’ ते अजून पहिल्याच, आखूड रेघेच्या स्ट्रायकरने खेळतात. आणि हरतात. २०१६ला मुंबईचा प्रशांत मोरे कॅरमचा जागतिक विजेता झाला, तेव्हा त्याच्या खेळातही शेठनी दोन चुका काढल्या होत्या.

खरा बोर्ड होता तो मंडळाच्या खोलीत. ७४ सेंटिमीटरचा, गुळगुळीत, चौघांचा. त्यातला एक पुण्याला गेला, एक डोंबिवलीला, एक एमआयडीसीतल्या पाळ्यांत अडकला. जुलै २०२१च्या पुरात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बोर्डही त्यात बुडाला. शेठनी चिखल धुतला, गणपतीपर्यंत वाळवला. पण प्लाय फुगलं होतं. मध्ये ठेवलेली सोंगटी आपसूक कोपऱ्याकडे घसरायची. ‘‘आता नेमाची गरजच नाही उरली,’’ असं म्हणून ते एकटेच हसले. मोबाइलवरचा खेळ त्यांनी त्यानंतर सुरू केला.

रोज रात्री साडेनऊला ते एकाच माणसाशी खेळतात. तो डोंबिवलीचा. राणी पॉकेटच्या तोंडाशी असते आणि शेठ ती सोडून देतात. मी विचारलं, तर चिडले. ‘‘बायको गेल्यापासून एकटाच असतो तो. जिंकू दे की. तुझं काय जातं?’’

तरी सांगून ठेवतो, शेठचा नेम बेताचाच आहे. बोर्डवरही बेताचाच होता, मंडळातल्या जुन्या माणसांना विचारा. महाड-पोलादपूर गाडीत त्यांच्याशेजारची जागा मिळाली तर बिनधास्त बसा. काळे कपडे तेवढे घालू नका.